पॉइंट चारची फट

पप्पांनी पेटी हातात घेतली, खिडकीपाशी नेली, चारही कोपरे उजेडात धरून पाहिले आणि म्हणाले, "माझं फिलर गेज आण गं."

फिलर गेज म्हणजे पोलादाच्या पातळ पात्यांचा जुडगा. खिशातल्या चाकूसारखा उघडतो. प्रत्येक पात्यावर त्याची जाडी कोरलेली असते. पप्पांच्या गेजमध्ये सगळ्यात पातळ पातं ०.०५ मिलिमीटरचं, सगळ्यात जाड १ मिलिमीटरचं. फटीत एकेक पातं सरकवून बघायचं, जे जेमतेम घासत जातं तेवढी फट. गॅरेजमध्ये बाइकचं टॅपेट सेटिंग करताना मेकॅनिकच्या हातात तुम्ही हे पाहिलं असेल. लाकडाची पेटी यानं कुणी तपासत नाही. पण पप्पांनी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३४ वर्षं काढली आहेत. त्यांना 'थोडीशी फट' हे मोजमाप वाटत नाही.

"तिसरा कोपरा, वरून दुसरा दात. पॉइंट चार," ते म्हणाले. "चौथा कोपरा, सगळ्यात खालचा दात. पॉइंट तीन. बाकी सगळे पॉइंट एकच्या आत. बरी झालीये."

पप्पांच्या तोंडून 'बरी झालीये' म्हणजे पदवीदान समारंभच. पण मला ते ऐकूच आलं नाही. मला फक्त पॉइंट चार ऐकू आलं.

मी अठ्ठावीस वर्षांची आहे, कंप्युटर इंजिनीअर आहे, आणि हिंजवडीतल्या एका कंपनीत बॅकएंडचं काम करते. आयुष्यात हातानं बनवलेली वस्तू म्हणाल तर शाळेतला थर्माकोलचा ज्वालामुखी. पेटीची गोष्ट सुरू झाली जानेवारीत. जेवताना पप्पा सहज म्हणाले, "हत्यारांना एक लाकडी पेटी पाहिजे. पत्र्याच्या डब्यात एकमेकांवर आपटतात." हत्यारं म्हणजे दोन मायक्रोमीटर, दोन व्हर्निअर, एक डायल गेज, गुण्या, आणि हे फिलर गेज. सगळी स्वतःच्या पगारातून घेतलेली. लहानपणी मला त्यांना हात लावायची परवानगी फक्त खंडेनवमीला असायची, ती पण हळद-कुंकू वाहण्यापुरती.

मी म्हटलं, "मी करते."

आईनं पोळी तव्यावर तशीच सोडून माझ्याकडे पाहिलं.

शनिवार-रविवारच्या एका कार्यशाळेत करवत धरायला शिकले. बाकीचं व्हिडिओ बघून, दीडपट वेगानं. (हा दीडपट वेग लक्षात ठेवा.) भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून जुन्या दाराच्या चौकटीचं सागवान आणलं. तिथले काका सुतात बोलत होते. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत साधारण तीन मिलिमीटर. "एखाद सूत इकडेतिकडे चालतंय की," असं ते म्हणाले, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या पप्पांचा चेहरा मी पाहिला. तीन मिलिमीटरमध्ये त्यांच्या तीन नोकऱ्या गेल्या असत्या.

पेटीचे कोपरे दातांच्या सांध्यानं जोडायचे ठरवले. दोन हातांची बोटं एकमेकांत गुंफल्यासारखा हा सांधा असतो. एका फळीच्या टोकाला दात कापायचे, दुसरीला तेवढ्याच खाचा, मग गम लावून दोन्ही एकमेकांत बसवायच्या. दात खाचेत नीट बसला, तर लाकडाच्या लांब बाजू एकमेकांना चिकटतात आणि सांधा दगडासारखा होतो.

माझी चूक कुठे झाली ते मला नंतर कळलं. मी पेन्सिलीनं रेघ मारली आणि बरोबर रेघेवर करवत चालवली. पण करवतीच्या पात्यालाही जाडी असते. ती जाडी भुसा होऊन खाली पडते. म्हणून रेघेच्या कोणत्या बाजूला कापायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि जो भाग टाकून द्यायचा त्या बाजूलाच कापावं लागतं. मी दोन ठिकाणी टाकाऊ बाजू सोडून दाताच्या बाजूनं कापलं होतं. आमच्या धंद्यात याला ऑफ बाय वन म्हणतात. मोजायला शून्यापासून सुरुवात करायची की एकपासून, यात गफलत होते आणि सगळं एकानं सरकतं. सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या कोडमध्ये ही चूक शोधून काढतेय. लाकडात ती पॉइंट चारची निघाली.

फट बुजवायची कशी, याचा पहिला उपाय सगळ्यांना माहीत असतो. भुसा आणि पांढरा गम कालवायचा, फटीत दाबायचा, वाळला की पॉलिश पेपर मारायचा. मीही तेच केलं. मोकळ्या लाकडावर छान दिसलं. पॉलिशचा पहिला हात मारला आणि तिसऱ्या कोपऱ्यावर काळपट डाग उमटला, त्याच्याभोवती फिकट कडं. गममध्ये भिजलेला भुसा गडद होतो, आणि वाळलेला गम पॉलिश पीत नाही. जिथे जिथे माझं बोट पुसलं गेलं होतं तिथे तिथे तो बोटाचा ठसा उठून आला. शिवाय भरलेल्या त्या लगद्याला ताकद काहीच नाही. लाकडाचा गम दोन पृष्ठभागांच्या मध्ये पातळ थर होऊन बसला तरच धरतो. फट ओलांडून पलीकडे जाणं हे त्याचं काम नाही.

पप्पांनी डाग पाहिला. म्हणाले, "आधी फट दिसत होती. आता फट लपवलेली दिसतेय."

दुसऱ्या दिवशी सगळं पटाशीनं कोरून काढलं. मग खरा उपाय केला, त्याच लाकडाची पाचर. कापताना उरलेले तुकडे मी नशिबानं टाकले नव्हते. त्यातून पटाशीनं कागदासारखी पातळ पट्टी काढायची, एका टोकाला किंचित निमुळती. फट पॉइंट चारची, तर पट्टी पातळ टोकाला पॉइंट तीन, जाड टोकाला पॉइंट पाच. ती गममध्ये बुडवून फटीत सरकवायची, हातोडीनं दोन हलके ठोके द्यायचे आणि वाळल्यावर वर आलेला भाग पटाशीनं तासून सपाट करायचा. पहिली पाचर चुकली, कारण लाकडाचे रेषे आडवे घेतले होते. ठोका दिल्याबरोबर ती तुकडे होऊन बसली. दुसऱ्या वेळी दाताचे रेषे ज्या दिशेनं जातात त्याच दिशेनं पाचर काढली. ती बसली आणि दिसेनाशी झाली. मला जागा माहीत आहे म्हणून मला दिसते.

केसाएवढ्या बारीक फटी होत्या, त्यांना पाचरही लागली नाही. ओला गम बोटानं फटीत दाबायचा आणि तो ओला असतानाच पॉलिश पेपर फिरवायचा. जागचाच ताजा भुसा फटीत जाऊन बसतो. मघाचाच उपाय, पण फट एवढी बारीक असेल तर चालतो. कुठल्या फटीला कुठला उपाय हे फटीच्या मापावर ठरतं, एवढं साधं गणित मला तीन आठवड्यांनी कळलं.

एप्रिलअखेर पेटीचं अंग तयार झालं. राहिलं झाकण.

मेच्या मध्यावर एका संध्याकाळी आई भाजी निवडत होती. मी सांगत होते की झाकण झालं की आत फेल्ट लावायचं, प्रत्येक हत्याराला स्वतःचा कप्पा. आई म्हणाली, "लवकर कर बाई. त्यांना ती भोसरीला द्यायचीयेत."

"काय द्यायचंय?"

"हत्यारं. पेटी झाली की नेऊन देणार आहेत."

भोसरीला एक दादा आहे, पप्पांच्या हाताखाली शिकलेला. आता त्याचं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. पप्पा हत्यारं त्याला देऊन टाकणार होते. मी जपून ठेवण्यासाठी पेटी करतेय असं मला वाटत होतं. ती निरोपाची पेटी होती.

पप्पांना पार्किन्सन्स आहे. दोन वर्षांपूर्वी निदान झालं. उजवा हात स्वस्थ ठेवला की थरथरतो, म्हणून बाहेर गेले की तो खिशात असतो. अक्षर बारीक होत चाललंय. त्यांच्या वहीतल्या या वर्षीच्या नोंदी वाचायला मला मोबाइलनं फोटो काढून मोठा करावा लागतो. घरात आम्हा तिघांना सगळं माहीत आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. निदान झालं त्या आठवड्यात मी एक एक्सेल शीट केली होती. औषधांच्या वेळा, व्यायाम, लेख, तज्ज्ञांची यादी. सोबत जड मुठीचे चमचे मागवले. पप्पांनी शीट पाहिली, 'छान केलीयेस' म्हणाले, आणि चमचे अजून खोक्यात आहेत.

आईनं ते सांगितल्यापासून मला पेटीत फटी दिसायला लागल्या. खरंच सांगते. तोपर्यंत न दिसलेल्या. तळाशी एक. बिजागरीच्या खाचेत एक. रोज रात्री कॉल संपले की मी भिंग घेऊन बसायचे. रिलीज पुढे ढकलायची असेल तर बग शोधत राहावं, बग संपत नाहीत, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. कुणी तसं बोलून दाखवत नाही एवढंच.

अशाच एका रात्री मला झाकणाची फट सापडली. झाकण म्हणजे चार पट्ट्यांची चौकट आणि मधे एक फळी. फळीच्या कडा चौकटीच्या खाचेत सरकवलेल्या. फळी आणि चौकट यांच्यात दोन्ही लांब बाजूंना एकेक मिलिमीटरची सरळ रेघ दिसत होती. दोन्हीकडे सारखी, नीटस. पण फट ती फटच. कोपऱ्यांवर एवढी मेहनत घेतल्यावर झाकणात एवढी मोठी फट कशी ठेवायची? मी लांबच लांब दोन पाचरी काढल्या, भरपूर गम लावला आणि दोन्ही बाजू बुजवून टाकल्या. झाकण एकसंध दिसायला लागलं. सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त अभिमान त्याच गोष्टीचा वाटला.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, चार दिवस सलग पाऊस लागला असताना, झाकणाच्या चौकटीचा एक कोपरा उकलला. माझ्या कुठल्याही चुकीच्या सांध्यात कधी पडली नव्हती एवढी फट. फिलर गेजचं सगळ्यात जाड पातं आत गेलं आणि तरी हललं.

मी रडले. पेटीसाठी म्हणून रडले, असं तेव्हा मला वाटलं.

पप्पांनी झाकण मांडीवर घेतलं, फळीवर आडवा अंगठा फिरवला आणि विचारलं, "इथे फट होती ना? कुठे गेली?"

"बुजवली."

"का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते द्यायचं नव्हतं.

मग ते बोलायला लागले. टूलरूममधल्या पोरांना सांगायचे तशा आवाजात, जो मी घरी कधी ऐकला नव्हता. "हे बघ. बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसायला पाहिजे. तिथे फट राहिली की ते फिरून झिजणार. पण बुशमध्ये शाफ्ट फिरणार असेल, तर फट सोडावीच लागते. नाही सोडली तर तेल कुठे राहील? गरम झाल्यावर शाफ्ट वाढेल तो कुठे जाईल? जाम होणार. ड्रॉइंगवर दोन्ही लिहिलेलं असतं, कुठे फट नको आणि कुठे किती पाहिजे. पोरं नवीन असताना सगळीकडे घट्ट करायला बघतात. त्यांना वाटतं घट्ट म्हणजे चांगलं."

लाकडाचंही तेच आहे. लांबीत ते जवळपास बदलत नाही, पण रुंदीत हवेतला ओलावा पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. सागवान या बाबतीत शांत लाकूड मानतात, तरी तेही फुगतं. पेटीच्या कोपऱ्यांना याचा त्रास नाही. चारही फळ्या उंचीत सारख्याच फुगतात, दात आणि खाच बरोबरीनं वाढतात. तिथली फट ही निव्वळ माझ्या करवतीची चूक, तिला पाचर हाच उपाय. झाकणाच्या फळीचं तसं नाही. ती रुंदीत वाढते आणि तिच्याभोवतीची चौकट वाढत नाही. म्हणून तिला जागा सोडतात. मी नंतर तो व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी साध्या वेगानं. त्या माणसानं स्पष्ट सांगितलं होतं, ही फट भरू नका. दीडपट वेगात ते वाक्य माझ्या कानावरून गेलं होतं.

हेअर ड्रायरनं गम मऊ करत, पातळ पात्यानं कापत, दोन रात्रींत फळी सोडवली. मार्चमध्ये ती १४०.० मिलिमीटर रुंद होती. पप्पांनी मोठा व्हर्निअर लावायला सांगितला. आकडा मी वाचला, १४१.३. वाढली होती १.३ मिलिमीटर. मूळच्या दोन फटी मिळून दोन मिलिमीटर. म्हणजे मी हात लावला नसता तर फळी फुगूनही पॉइंट सात शिल्लक राहिली असती. जिला मी चूक समजले, ती त्या पेटीतली सगळ्यात बरोबर मोजलेली गोष्ट होती.

नव्यानं जोडताना फळीला गम फक्त दोन आखूड टोकांच्या मध्यावर लावला, थेंबभर. त्यामुळे ती जागेवर राहते, पण दोन्हीकडे सारखी फुगायला मोकळी असते. उकललेल्या कोपऱ्याला पाचर बसली. ती मात्र दिसते. जवळून पाहिलं तर कुणालाही दिसेल.

पेटी पालथी करून पप्पा म्हणाले, "लिही."

"काय?"

"टूलरूममध्ये एखादा भाग मापात नसला आणि तरी वापरायचा ठरला, तर किती फरक आहे ते कागदावर लिहून सही होते. पुढच्या माणसाला कळायला पाहिजे. माझं अक्षर आता कुणाला लागत नाही. तू लिही."

ते त्यांनी इतकं सहज म्हटलं की मी वर पाहिलंच नाही. पेन्सिलीनं तळावर लिहिलं. कोपरा ३, वरून दात २, फट ०.४, पाचर. कोपरा ४, खालचा दात, फट ०.३, पाचर. झाकणाची चौकट, एक कोपरा उकलला होता, पाचर. झाकणाची फळी पावसाळ्यात १.३ फुगते, फट सोडलेली आहे, भरू नये.

खंडेनवमीला हत्यारं पेटीतच पुजली. दसऱ्याला सकाळी भोसरीला गेलो. वर्कशॉपच्या शटरला झेंडूचं तोरण, लेथला हार, जमिनीवर पाकळ्या. दादानं पप्पांच्या पाया पडून पेटी घेतली. झाकण उघडलं, मिटलं, कोपऱ्यांवरून नख फिरवलं आणि पेटी पालथी केली. सगळं वाचलं. "अण्णा, हे तुम्हीच सांगितलं असणार," तो हसून म्हणाला. टूलरूममध्ये पप्पांना सगळे अण्णा म्हणायचे. "पण हत्यारं का देताय? तुम्हाला लागतील की."

मी पटकन काहीतरी बोलणार होते. घरात जागा नाही, गंजतात, असलं काहीतरी. तोंडापर्यंत आलं होतं.

पप्पांनी खिशातून हात बाहेर काढला आणि गुडघ्यावर ठेवला. तो थरथरत होता. "पार्किन्सन्स आहे," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. मायक्रोमीटरचं रॅचेट फिरवताना आता अंदाज येत नाही. चुकीचं माप वाचण्यापेक्षा न वाचलेलं बरं."

त्यांनी हे घराबाहेर कुणाला सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. दादा काही क्षण हाताकडे बघत राहिला. अरेरे म्हणाला नाही, डॉक्टर कोण ते विचारलं नाही. उठला आणि कोपऱ्यातल्या स्टोव्हवर चहा ठेवला.

आमच्या घरी आम्ही पप्पांना चहा नेहमीसारखा काठोकाठ देतो. काहीच बदललेलं नाही असं दाखवायला. तो बशीत सांडतो आणि तिघंही दुसरीकडे बघतो. दादानं दोन कप भरून आणले, माझा आणि त्याचा. तिसरा अर्धाच भरला आणि काही न बोलता पप्पांसमोर ठेवला.

पप्पांनी तो उजव्या हातानं उचलला. कप हलला, चहा हलला, काठापर्यंत आला आणि परत गेला. एक थेंब सांडला नाही.